काकू, तुम्ही पैसे मोजून परत दिलेत म्हणून

काकू,

समोर बसून बोलले असते तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

लेकीला महिन्याचा हातखर्च द्यायचं ठरवलं तेव्हा घरात एकच सूर होता, पैसा हातात आला की मुलं बिघडतात. हे म्हणणाऱ्यांपैकीच एका वडीलधाऱ्या माणसाने तिची वाढदिवसाची पाकिटं 'सांभाळून ठेवतो' म्हणून घेतली होती. ती कधीच परत आली नाहीत. तिने मागितली की हसण्यावारी न्यायचे. पुढे हातात आलेला पैसा ती त्याच दिवशी संपवायला लागली, तर म्हणे पोरगी उधळी आहे! मुलांना पैशाचं व्यवहारज्ञान देणारा एक क्लासही लावून पाहिला. प्रमाणपत्र मिळालं, बाकी काही नाही.

तुम्ही उपदेश केला नाहीत. तिचे पैसे स्वतःकडे ठेवून घेतलेत, वहीत तिच्या नावाचं पान उघडलंत, शेकडा एक असं महिन्याचं व्याज ठरवलंत. आणि काही महिन्यांनी ती सगळेच्या सगळे पैसे परत मागायला आली. घ्यायचं होतं एक खेळणं, दोन दिवसही न टिकणारं. 'देऊ नका' असा निरोप घरातून तुमच्यापर्यंत पोचला होता. तरी तुम्ही चष्मा लावलात, एकेक नोट तिच्या तळहातावर ठेवलीत, तिच्याकडून पुन्हा मोजून घेतलीत आणि वहीत तिची सही घेतलीत. "कशाला हवेत गं?" एवढंसुद्धा विचारलं नाहीत. खेळणं मोडलं तेव्हाही गप्पच राहिलात. पुढच्या महिन्यात हातखर्चातले अर्धे पैसे घेऊन ती आपणहून तुमच्या दारात उभी होती.

रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१३ चा एक प्रयोग नंतर वाचनात आला. चित्रकलेचं छान साहित्य आणून देतो, असं मुलांना सांगितलं. काहींना ते दिलं, काहींना नुसतंच 'सॉरी' म्हटलं. मग थांबलात तर दुप्पट खाऊ, असं सांगितलं. दिलेला शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली जेमतेम तीन. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. जे परत मिळेल याची खात्री नाही, ते मूल का राखून ठेवील? माझी लेक उधळी कधीच नव्हती.

आता ती व्याजाला हात लावत नाही. वर्षाअखेर शंभराचे ११२ न होता ११२.६८ कसे झाले, हे तिने स्वतः शोधून काढलं. ७२ ला व्याजदराने भागायची तुमची युक्ती वापरून रक्कम साधारण ७२ महिन्यांत दुप्पट होईल, असा हिशेबही मांडला. "तेव्हा मी कॉलेजात असेन," म्हणाली.

मोठ्यांचे पैसे द्यायला उशीर झाला तर आपण ओशाळतो, लहान मुलांचे मात्र बिनदिक्कत बुडवतो. तुम्ही तापाने फणफणलेल्या असतानाही एक तारखेला उशाशी वही घेऊन तिचं व्याज लिहिलंत. अशी माणसं आजूबाजूला आहेत म्हणून मुलांना कुणावर तरी विश्वास ठेवता येतो.

परवा तिने धाकट्याचे पैसे ठेवून घेतले. त्याने तासाभरात परत मागितले. तिने मोजून दिले आणि सही येत नाही म्हणून त्याचा अंगठा घेतला.

मनापासून आभार, काकू. येत्या एक तारखेला तोही तुमच्याकडे येतोय, त्याच्यासाठी एक पान राखून ठेवा.