‘द स्कार्लेट लेटर’ : उणीव शब्दांची नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साहित्यकृतींवरील चित्रपटांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात, नॅथॅनियल हॉथॉर्न यांच्या १८५० सालच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीवर मूकपट काढणे हा मुळातच फसलेला उद्योग होता, असा सूर आहे. लेखकाचे निवेदन हाच जिचा प्राण, ती कादंबरी शब्दांवाचून उभी राहणार कशी, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा असला, तरी व्हिक्टर श्योस्त्रोम यांनी १९२६ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरसाठी दिग्दर्शित केलेला चित्रपट पाहिलेल्याला तो मान्य होणे कठीण आहे.

ही कथा मुळी न बोलण्याचीच आहे. सतराव्या शतकातील बॉस्टनच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथाच्या, वसाहतीत हेस्टर प्रिन छातीवर व्यभिचाराचे लाल अक्षर आणि कडेवर तान्ही मुलगी घेऊन चौथऱ्यावर उभी राहते, पण त्या मुलीच्या बापाचे नाव सांगत नाही. आणि ते नाव सांग, असे तिला चारचौघांत विनवण्याची पाळी येते ती प्रत्यक्ष त्या बापावरच, म्हणजे डिम्सडेल या धर्मोपदेशकावर. हॉथॉर्न हे गुपित वाचकाला हळूहळू उमजू देतात. चित्रपटात दोघांचे प्रेम आधीच दाखवल्यामुळे गुपित उरत नाही, हे खरे. मात्र त्या बदल्यात पडद्यावरील मजकुराच्या पाटीवर उपदेश आणि डिम्सडेल साकारणाऱ्या लार्स हॅन्सन यांच्या चेहऱ्यावर घालमेल, अशी जी फारकत दिसते, ती बोलपटात संवादांच्या ओघात वाहून गेली असती. (चित्रीकरणात हॅन्सन स्वीडिश बोलत होते आणि हेस्टर साकारणाऱ्या लिलियन गिश इंग्रजी, याचा प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.)

फ्रान्सिस मॅरियन यांनी पटकथेत पदरचे पुष्कळ घातले आहे. पिंजऱ्यातून उडालेल्या पक्ष्यामागे हेस्टर प्रार्थनेच्या दिवशी धावते, एवढ्याच अपराधासाठी तिला खोड्यात अडकवतात. हा प्रसंग कादंबरीत नाही, पण त्या गावाचा जाच किती बारीकसारीक गोष्टींपर्यंत पोहोचला होता, हे त्यातून चटकन कळते. गाइल्स या पात्राचे विनोदी प्रवेश मात्र नसते तर बरे झाले असते.

लेखकमहोदयांना दोषच द्यायचा होता, तर तो शेवटाला द्यायला हवा होता. डिम्सडेल मरताना छाती उघडी करतो, तेव्हा तिथे खरोखर अक्षर होते की नव्हते, याविषयी हॉथॉर्न बघ्यांमध्येच मतभेद ठेवतात. कोणी ते पाहिल्याचे सांगतो, तर कोणी साफ नाकारतो. चित्रपटात ते अक्षर आपल्याला स्पष्ट दिसते. कादंबरीतील सर्वांत मोलाची संदिग्धता येथे हरवली आहे, आणि ती शब्द नसल्यामुळे नव्हे, तर दिग्दर्शकाने नको तितके दाखवल्यामुळे.

आपला,
एक वाचक, सांगली