सरफेस नागपूरला नेताना: चि. सोहमला पत्र

कोल्हापूर

चि. सोहम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा सरफेस प्रो ७, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कीबोर्ड सुटा होणारा टॅब्लेट, आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी तू घेऊन जाणार, हे ठरल्यावर तू विचारलेस की तो अडला तर काय करायचे. त्याचे उत्तर मी मुद्दाम कागदावर लिहून देत आहे, कारण स्क्रीन काळी पडली असताना फोनवरून 'आता हे दाब, आता ते सोड' असे सांगण्यात निम्मा वेळ जातो, आणि यंत्रातच जपून ठेवलेल्या सूचना यंत्र बंद पडल्यावर कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

आधी एक गोष्ट लक्षात घे. बाबांचा जुना डेस्कटॉप अडला की आपण झाकण उघडून रॅम काढायचो, खोडरबरने तिचे टोक पुसायचो आणि पुन्हा बसवायचो. इथे ती सोय नाही. २०१९ साली आलेल्या या मॉडेलमध्ये रॅम आणि साठवण दोन्ही मुख्य बोर्डावर कायमची जोडलेली आहेत. बॅटरी गाठायची तर समोरची काच गरम करून, तिच्याखालचा गोंद सोडवून ती उचलावी लागते, आणि त्या खटपटीत काच तडकण्याची भीती असते. त्यामुळे आपल्या हातात असते ते बटणांनी आणि सेटिंग्जमधून जमणारे काम तेवढेच, आणि त्यापलीकडच्या प्रसंगाची तजवीज यंत्र धड असतानाच करावी लागते.

त्या तजविजीत पहिला मान रिकव्हरी कीचा. तू तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्रात प्रवेश केलास की त्यातली सगळी माहिती आपोआप सांकेतिक रूपात कुलूपबंद होते, आणि ते कुलूप उघडणारी ४८ अंकांची किल्ली तुझ्या खात्यात जमा होते. एरवी तिची आठवणही होत नाही; पण एखादे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या भागांना चालवणारी आतली प्रणाली, अपडेट झाल्यावर किंवा सुरुवातीच्या सेटिंग्जमध्ये काही बदलल्यावर निळ्या स्क्रीनवर यंत्र ती अचानक मागते, आणि ती मिळाली नाही तर आतली ड्रॉइंग्ज कोणालाही परत काढता येत नाहीत, कंपनीलाही नाहीत. म्हणून खात्यात जाऊन ती किल्ली आजच कागदावर उतरवून घे आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता सूटकेसमध्ये ठेव.

आता नेहमीच्या अडचणी. स्क्रीन काळी आहे आणि यंत्र दाद देत नाही, असे झाले तर प्रथम चार्जर लाव आणि त्याच्या चुंबकी टोकावरचा पांढरा दिवा लागतो का ते पाहा. दिवा लागत नसेल तर टोक उलटून लाव, मग भिंतीतले सॉकेट बदल. हॉस्टेलच्या सैल सॉकेटांचा मला फार संशय आहे. दिवा आहे पण स्क्रीन काळीच, तर आवाज वाढवण्याचे आणि कमी करण्याचे अशी दोन्ही बटणे एकाच वेळी, दोन सेकंदांच्या आत तीनदा दाब. कीबोर्ड जोडलेला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळांनी तेच काम होते: स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून ती चालवणारा छोटा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो आणि उघडी असलेली फाइल जशीच्या तशी राहते. त्यानेही उजेड आला नाही तरच पॉवरचे बटण दाबून धर आणि विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत, म्हणजे साधारण २० सेकंद, बोट उचलू नकोस. बहुतेक जण दहाव्या सेकंदाला कंटाळून सोडतात आणि यंत्र गेले असे समजतात. जतन न केलेले काम मात्र यात जाते.

शटडाउन आणि रीस्टार्ट यांत फरक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोजमधली जलद सुरुवातीची सोय चालू असेल तर शटडाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, त्यामुळे त्यात अडकलेली अडचणही सोबत परत येते. रीस्टार्टमध्ये सगळे कोऱ्यापासून सुरू होते. तेव्हा वायफाय रुसले, ब्लूटूथ दिसेना, आवाज येईना, अशा किरकोळ तक्रारींवर 'बंद करून चालू केले, तरी तेच' असे मला सांगण्याआधी रीस्टार्ट कर.

कीबोर्ड चालेनासा झाला तर तो काढून त्याच्या कडेवरचे धातूचे ठिपके आणि यंत्राच्या खालच्या कडेवरचे ठिपके मऊ कोरड्या कापडाने पूस आणि पुन्हा जोड. तरीही चालला नाही तर दोष कुठे आहे ते ठरवण्याची एक नेमकी युक्ती आहे. यंत्र पूर्ण बंद कर, आवाज वाढवण्याचे बटण दाबून धरून पॉवरचे बटण दाबून सोड, आणि सरफेसचे नाव येऊन गेल्यावर आवाजाचे बटण सोड. जी साधी यादी दिसेल ती विंडोजच्या आधीची आहे. तिथे कीबोर्ड चालत असेल तर तो ठणठणीत आहे आणि बिघाड विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे; तिथेही चालत नसेल तर कीबोर्ड किंवा जोड खराब आहे आणि विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. स्पर्शाचीही परीक्षा तिथेच घ्यावी. फक्त त्या यादीतले सुरक्षित सुरुवातीचे सेटिंग, म्हणजे सिक्युअर बूट, बंद करू नकोस. केलेस तर सुरुवातीलाच उघड्या कुलपाचे लाल चिन्ह दिसू लागते आणि वर सांगितलेली ४८ अंकांची किल्ली मागितली जाते.

नागपूरच्या संदर्भात मला खरी काळजी आहे ती बॅटरीची. हे यंत्र ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरण्यासाठी केलेले आहे, आणि नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. लिथियम-आयन बॅटरीला सर्वांत जास्त मारक दोन गोष्टी: उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेले राहणे, हॉस्टेलच्या टेबलावर दिवसभर चार्जरला लावून ठेवलेल्या यंत्राला उन्हाळ्यात दोन्ही एकदमच मिळतात. सुरुवातीच्या त्याच यादीत बॅटरी ५० टक्क्यांवर रोखण्याचे सेटिंग आहे. ज्या महिन्यांत यंत्र टेबलावरून हलणार नाही त्या महिन्यांत ते चालू ठेव, आणि साइट व्हिजिटला जायच्या आदल्या रात्री बंद कर. कूलरच्या झोतासमोर यंत्र ठेवू नकोस. थंडाव्याबरोबर ओल आणि धूळही येते.

बॅटरीची तब्येत मोजता येते. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी' आणि एक जागा सोडून, तिरकी रेघ देऊन 'बॅटरीरिपोर्ट' असे रोमन लिपीत (powercfg /batteryreport) लिहिलेस की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर साठवते ती क्षमता, असे दोन आकडे एकाखाली एक दिलेले असतात. दर सत्राच्या सुरुवातीला ते वहीत लिहून ठेवलेस तर उतार कळत राहील. काचेची एखादी कड फ्रेमपासून उचललेली दिसली किंवा कीबोर्ड मिटल्यावर नीट बसेना, तर बॅटरी फुगते आहे असे समज. काच दाबून बसवू नकोस, चार्जिंग ताबडतोब थांबव आणि यंत्र वापरणे बंद कर.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट प्रवासाची. कीबोर्ड मिटला की हे यंत्र पूर्ण झोपत नाही. फोनसारखे अर्धवट जागे राहून आतून मेल आणि अपडेट तपासत राहते. बंद बॅगेत त्याने ते तापते, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून उतरेपर्यंत बॅटरी रिकामी झालेली असते. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटण्यासाठी आणि पॉवरच्या बटणासाठी हायबरनेट, म्हणजे उघडे काम डिस्कवर जपून यंत्र पूर्ण बंद होण्याची सोय, निवड. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण तेवढे सोसावे.

आता याचा पुरेपूर उपयोग. स्क्रीनचे प्रमाण ३:२ आहे, त्यामुळे उभी धरली की ती ए-४ कागदाच्या बरीच जवळ जाते, आणि मागचा टेकू १६५ अंशांपर्यंत उघडतो, म्हणजे ड्रॉइंग बोर्डासारखा उतार मिळतो. साइटवर मोजमापे घेताना वही, कॅमेरा आणि टेप सांभाळण्यापेक्षा आधी फोटो काढ आणि त्यावरच पेनने खिडकीची रुंदी, तुळईची खोली लिही; संध्याकाळी प्लॅन काढताना कोणती भिंत कोणती, हा घोळ होत नाही. पेन उमटण्यासाठी ब्लूटूथ लागत नाही, ते फक्त टोकाच्या बटणासाठी लागते. तेव्हा पेन उमटत नसेल तर जोडणीच्या मागे न लागता सेल बदल. त्यात एएएए असा चार ए असलेला बारीक सेल लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात तीन ए असलेला देतील, तो आत जात नाही. चार सेल बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवले आहेत.

मर्यादाही सांगते. आपल्या आय-५ प्रोसेसरच्या यंत्रात पंखा नाही. द्विमितीय प्लॅन, स्केच, टिपणे, छोटी मॉडेल्स यांना ते पुरून उरते, पण इमारतीचे रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवरून खरे वाटणारे चित्र तयार करण्याचे काम, लावलेस की थोड्या वेळाने प्रोसेसर तापमान आवरण्यासाठी आपला वेग स्वतःच कमी करतो. तो बिघाड समजून सेटिंग्ज उचकत बसू नकोस; रेंडरिंग कॉलेजच्या लॅबमध्येच कर.

टेकूच्या मागे मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे, तिच्यात मी कार्ड घालून दिले आहे. रोजचे काम वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, जाईलच, पण तिथे फुकटची जागा ५ जीबीच आहे, म्हणून मोठ्या फाइलींची प्रत दर शनिवारी कार्डावर घेत जा. कधी सर्व्हिस सेंटर गाठायची वेळ आलीच तर टेकूखालचा सिरीयल नंबर लिहून घे. या यंत्रांच्या बाबतीत दुरुस्तीऐवजी दुसरे यंत्र बदलून देण्याची पद्धत बरीच आहे, आणि बदलून आलेल्या यंत्रात तुझी एकही रेघ नसते. तेव्हा कार्ड आधी काढून खिशात ठेव आणि मगच यंत्र त्यांच्या हाती दे.

तुझी,
आई