तीन कार्बुरेटर आणि एक पॅडल

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१२ ऑक्टोबर

प्रिय सुन्या,

तुझा फोन आला तेव्हा बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो होतो, म्हणून दोन वाक्यांत आटपलं. "तिन्ही वेबर कार्बुरेटर बसले म्हणतोस, मग गाडी अजून का उभी?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दिलं असतं तर अर्धं तुझ्या लेथच्या आवाजात गेलं असतं. म्हणून पत्र. शिवाय शेवटी तुझ्यासाठी एक काम काढलंय, त्यामुळे चहा घेऊन बस आणि नीट वाच.

गाडी उभी आहे ती लिंकेजपायी, म्हणजे पॅडलचा दाब कार्बुरेटरपर्यंत नेणाऱ्या दांड्यांपायी. कार्बुरेटर, त्यांना इंजिनाशी जोडणारा मॅनिफोल्ड, पेट्रोल मोजून सोडणारे जेट यांच्यावर लोक तासन् तास बोलतात, पैसेही ओततात. पॅडलपासून बटरफ्लायपर्यंतच्या, म्हणजे घशातल्या हवेच्या गोल झडपेपर्यंतच्या दांड्या मात्र "त्या काय, बसतील" म्हणून शेवटावर ढकलतात. माझं मत आता पक्कं झालंय: आधी लिंकेज, मग सिंक, म्हणजे तिन्ही कार्बुरेटर एकमेकांशी जुळवणं, आणि मगच जेटला हात. उलट्या क्रमानं गेलास तर जेट बदलत बसशील आणि गाडी चौथाई थ्रॉटलला तशीच हिसके देत राहील.

गाडी तुला ठाऊकच आहे, १९७२ ची डॅटसन २४०झेड. एल२४ इंजिन, सहा सिलिंडर एका रांगेत, २३९३ सीसी. कंपनीतून येताना हिला एसयू धर्तीचे दोन हिताची कार्बुरेटर असतात, ४६ मिमीचे. मी बसवले ते तीन वेबर ४० डीसीओई, प्रत्येकात दोन घसे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र घसा. कायद्याची कटकट नाही, कारण १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना इथे स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, लागत नाही. आणि हा उद्योग काही माझ्या डोक्यातला नाही. १९६९ साली खुद्द निसाननं जपानात फेअरलेडी झेड४३२ काढली, तिच्या एस२० इंजिनावर मिकुनीनं बनवलेले तीन सोलेक्स होते. ४३२ म्हणजे सिलिंडरला चार वाल्व्ह, तीन कार्बुरेटर, दोन कॅम. नाव ठेवावं तर असं, कॅटलॉग उघडायची गरजच नाही.

आता हिशेब बघ. ४६ मिमीच्या दोन बटरफ्लायचं क्षेत्रफळ सुमारे ३३२० चौरस मिमी. ४० मिमीच्या सहांचं सुमारे ७५४०. म्हणजे सव्वादोन पट. पूर्ण थ्रॉटलला आतला चोक, म्हणजे घशातला अरुंद गळा, हवेला आवरतो, पण पॅडल नुसतं टेकवलं की तिथे चोकचं काही चालत नाही. तिथे बटरफ्लायची कड किती उघडली एवढंच खरं. जुनंच लिंकेज जोडलं तर पायाचा अंगठा हलला की गाडी उडी मारते. ट्रॅफिकमध्ये असली गाडी चालवणं म्हणजे शिक्षा. तेव्हा पॅडलचा सुरुवातीचा प्रवास मंद हवा आणि पुढे वेग घेणारा हवा.

मंदपणा कुठे आणायचा हा खरा प्रश्न. कार्बुरेटरांच्या डोक्यावरून एक आडवी दांडी जाते, मॅनिफोल्डवरच्या ब्रॅकेटांत बेअरिंग घालून बसवलेली. तिच्यावर तीन हात, प्रत्येक हातातून खाली एक लिंक, आणि लिंकचं दुसरं टोक कार्बुरेटरच्या लिव्हरला. माझा नियम असा की पॅडल ते दांडी या टप्प्यात हवा तो खेळ करावा, पण दांडी ते कार्बुरेटर या टप्प्यात अजिबात नाही. तिथे फक्त समांतर चौकोन. वरचा हात आणि खालचा लिव्हर सारख्याच लांबीचे, एकमेकांना समांतर, आणि तिन्ही ठिकाणी अगदी तस्सेच. मग दांडी दहा अंश फिरली की बटरफ्लायचे तिन्ही शाफ्ट दहाच अंश फिरतात, पॅडल कुठेही असो.

माझं घोडं इथेच अडलं. ज्या दुकानातून लिंकेजचा तयार संच मागवला त्यांनी पुढच्या कार्बुरेटरचा लिव्हर इतर दोघांपेक्षा वेगळ्या कोनात दिला. डोळ्यांना जाणवतही नव्हतं. लिंकची लांबी कमीजास्त करून आयडलला, म्हणजे पॅडलवर पाय नसताना, तिन्ही जुळले, इंजिन घड्याळासारखं फिरायला लागलं. रेस वाढवून सिंक्रोमीटर, म्हणजे घशातली हवा मोजायचं यंत्र, लावला तर पुढचा मागे पडलेला. पुन्हा तिथे जुळवावा तर आयडल बिघडतं. लांबीनं कोनाची चूक झाकता येत नाही, एका बिंदूला झाकली तर दुसरीकडे उघडी पडते. एका जुवाला तीन बैल जुंपलेत आणि एक जरा उशिरा ओढतो, तशातली गत.

हे पकडायला मी जी युक्ती केली ती तुला आवडेल. सायकलच्या आऱ्याचे तीन सारखे तुकडे कापले आणि प्रत्येक शाफ्टच्या टोकाला इपॉक्सीच्या थेंबानं उभे चिकटवले, काट्यासारखे. मागे पुठ्ठ्यावर कोनमापक छापून लावला. इंजिन बंद. आडवी दांडी हळूहळू फिरवायची आणि पाच, दहा, वीस, चाळीस अंशांवर तिन्ही काटे वाचायचे. दहा अंशांवर दोन काटे बरोबर रेषेवर आणि पुढचा रेषेच्या अलीकडे, स्पष्ट दिसला. पेट्रोलचा एक थेंब न जाळता आजार कळला. सिंक्रोमीटर कुठला घसा कमी हवा ओढतोय ते सांगतो, पण का ते सांगत नाही.

दहा अंशांचं एवढं कौतुक का, तर डीसीओईत बटरफ्लायच्या कडेशी प्रोग्रेशनची बारीक भोकं असतात. आयडलवरून मुख्य जेट सुरू होईपर्यंतच्या मधल्या वेळात तीच इंजिनाला पेट्रोल पाजतात. बॉडीवर पितळेचा एक छोटा प्लग असतो, तो काढून बॅटरी मारलीस तर भोकं आणि बटरफ्लायची कड दोन्ही दिसतात. आयडलला कड भोकांच्या अलीकडे पाहिजे. लिंकेजनं एखादा थ्रॉटल किंचित जरी उघडा धरून ठेवला, तर ती भोकं आधीच उघडी पडतात, आणि तू पॅडल दाबतोस तेव्हा द्यायला त्यांच्याकडे काही उरत नाही. मग तो खड्डा येतो, ज्याला सगळे "आयडल जेट लहान पडतंय" म्हणतात. म्हणून आयडल जुळवताना लिंक आधी सोडवायच्या. प्रत्येक कार्बुरेटर स्वतःच्या स्क्रूवर उभा राहू दे, तिन्ही जुळू दे, मग लिंक अशा लांबीच्या कर की जोडताना आयडल तसूभर हलणार नाही. हे सगळं इंजिन पूर्ण तापल्यावरच.

तापण्यावरून आठवलं. एल२४ मध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्बुरेटरांच्या बरोबर खाली भट्टी. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा, दांडी पोलादी. टोकाच्या दोन ब्रॅकेटांत ४०० मिमी अंतर धर आणि तापमान ६० अंशांनी वाढलं असं समज, तर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा पाव मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं. पाव मिलिमीटर म्हणजे काय, असं तू तरी म्हणणार नाहीस. दांडी दोन्हीकडे कॉलर लावून घट्ट बसवली असेल तर थंडीत लोण्यासारखी फिरणारी दांडी गरम झाल्यावर अडायला लागते आणि थ्रॉटल परत यायला कुरकुरतो. एकच टोक पक्कं ठेवायचं, दुसरं मोकळं.

दुसरी भानगड मऊ बसवणुकीची. डीसीओई मॅनिफोल्डला करकचून आवळायचा नसतो. मध्ये ओ-रिंगची प्लेट आणि नटाखाली दुहेरी गुंडाळीचे स्प्रिंग वॉशर, नाहीतर इंजिनाच्या थरथरीनं फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बुरेटरच्या टाकीतलं, पेट्रोल फेसाळतं. नट आवळल्यावर गुंडाळीत फट दिसली पाहिजे. याचा अर्थ कार्बुरेटर कायम थोडा हलणार. म्हणून लिंकच्या दोन्ही टोकांना गोल फिरणारे रॉड एंड हवेत, साध्या पिन चालत नाहीत. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणजे काहीही न सोडता मधली कांडी फिरवून लांबी बदलता येते. लॉकनट दोन्हीकडे.

आणि शाफ्टच्या टोकाचा नट आवळताना लिव्हर हातात धरून आवळ. थ्रॉटल स्टॉपवर टेकवून जोर लावलास तर शाफ्टच पिळतो आणि एकाच कार्बुरेटरची दोन बटरफ्लाय एकमेकांशी भांडायला लागतात. ते भांडण बाहेरच्या कुठल्याच लिंकनं मिटत नाही. अलीकडच्या स्पॅनिश बनावटीच्या डीसीओई १५१ ना प्रत्येक घशाला बायपास स्क्रू असतो, त्यावर थोडंफार निभावतं. जुन्या इटालियनांवर ती सोय नाही.

आता पॅडल ते दांडी. मूळ गाडीत फायरवॉलपासून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापासून, इंजिनापर्यंत दांड्या आणि बॉल जॉइंट आहेत. पण इंजिन रबरी माउंटवर डुलतं. क्लच सोडला की ते एका अंगाला कलतं, दांडीही त्याबरोबर ओढली किंवा ढकलली जाते, आणि पाय न हलवता थ्रॉटल हलतो. थ्रॉटल हलला की इंजिन पुन्हा डुलतं. पहिल्या गिअरमध्ये गाडी बेडकासारखी का चालते, याचं उत्तर बऱ्याचदा हेच. मी केबल घेतली. केबलचं बाहेरचं आवरण एका टोकाला फायरवॉलवर आणि दुसऱ्या टोकाला इंजिनावरच बांधलेलं असतं, त्यामुळे इंजिन कितीही डुललं तरी आतल्या तारेला पत्ता लागत नाही.

माझ्या पॅडलवर केबल ४५ मिमी ओढली जाते. थ्रॉटलचा प्रवास ८० अंश धरला तर गोल चकतीची त्रिज्या ३२ मिमी येते. पण साधी गोल चकती सरळसोट उघडते. मला सुरुवात मंद हवी, म्हणून चकती गोल न ठेवता सुरुवातीला मोठ्या त्रिज्येची आणि पुढे लहान होत जाणारी करायची आहे. क्रँक आणि लिंक सुरुवातीला जवळजवळ एका रेषेत आणूनही हाच मंदपणा मिळतो, पण त्या जागी कार्बुरेटरच्या स्प्रिंगचा जोर पॅडलपर्यंत पोचत नाही आणि पॅडल लोंबतं. आणि कुठलंही लिंकेज असो, पूर्ण उघडल्यावर ते कधीच एका रेषेत येता कामा नये. रेषा ओलांडली की स्प्रिंगच थ्रॉटलला उघडा धरते. त्याचा अर्थ तुला सांगायला नको.

स्प्रिंगा दोन लावणार आहे, एक थेट आडव्या दांडीवर आणि एक पॅडलवर. केबल तुटली तरी दांडीवरची थ्रॉटल मिटवते. कार्बुरेटरच्या पोटातल्या स्प्रिंगवर भिस्त ठेवायची नाही. आणि पॅडलखाली जमिनीवर एक बोल्ट ठोकणार, स्टॉप म्हणून. पूर्ण दाबल्यावर पायाचा जोर त्या बोल्टवर जायला हवा, लिव्हरवर नाही. ही उंची ठरवायला मी वृषालीला गाडीत बसवलं, "पूर्ण दाब" म्हणालो आणि कार्बुरेटरच्या तोंडावरच्या ट्रम्पेटमधून, म्हणजे हवेच्या कर्ण्यातून, आत बघत राहिलो. बटरफ्लाय आडवी व्हायला थोडी राहिली होती. वृषाली म्हणाली, "इतके पैसे खर्चून उघडतसुद्धा नाही का?" तिचं बरोबर होतं. बऱ्याच गाड्यांचा थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही आणि मालक मोठे जेट शोधत फिरतात.

सांगलीत हॉस्टेलच्या मागे तुझी राजदूत ३५० उघडून बसायचो ते आठवतं का? एका केबलमधून दोन मिकुनी, आणि दोन्ही स्लाइड एकदम उचलतायत का ते तू बोटं घालून तपासायचास. तुझ्या बोटांना जे कळायचं ते मला आज कोनमापकानं कळतं. तू इथे असतास तर मी नुसता पाने देत बसलो असतो.

आता काम. सोबत दोन कागद आहेत. पहिल्यावर तीन लिव्हर आणि तीन हात, सहाही एकाच फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडीच्या साच्यात, धरून भोकं पाडायची. मधल्या भोकापासून रॉड एंडच्या भोकापर्यंत अंतर ४० मिमी. ते ३९ झालं तरी माझी तक्रार नाही, पण सहाही एकसारखे हवेत. शाफ्टवर बसणाऱ्या खाचेचा आणि हाताचा कोन तर अगदी एकच हवा, म्हणून खाच आणि भोक एकाच सेटिंगमध्ये काढ. माइल्ड स्टील चालेल, नंतर झिंक करून घे. दुसऱ्या कागदावर चकती आहे. तिची वळणरेषा मी हातानं काढलीय, तुला ती वेडीवाकडी वाटली तर तुझ्या अंदाजानं सुधार, फक्त केबलची खाच खोल ठेव म्हणजे तार उतरणार नाही. ॲल्युमिनियममध्ये कर.

शिरोलीतल्या वर्कशॉपात तुझ्याकडे आधीच ऑर्डरींची रांग असते हे माहीत आहे, त्यामुळे घाई करू नकोस. माझा मेव्हणा डिसेंबरात पुण्याहून इकडे येतोय, त्याच्या बॅगेत बसेल एवढंच वजन आहे. पैशांचं बोलायला लागलास तर पुढच्या वेळी घरी जेवायला येणार नाही. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की मागच्या वेळची कांदा-लसूण चटणी संपली. आणि तुझ्या फिक्स्चरचा फोटो पाठव, भोकं पाडायच्या आधी.

तुझा,
विज्या