पशुवैद्यकीय प्रवेशाची तयारी गोठ्यातही व्हावी

महोदय,

नीटचा निकाल लागला की पुढच्या पंधरवड्यात दोन-चार पालक तरी मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. पशुधन विकास अधिकारी या पदावरून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली असली, तरी तालुक्यात माझी ओळख अजूनही ‘गुरांचे डॉक्टर’ हीच आहे. बोलण्याची सुरुवात बहुधा ठरलेली असते : ‘‘साहेब, एमबीबीएसला नंबर लागत नाही, बीडीएसचं परवडत नाही, तर म्हटलं व्हेटर्नरी बघावं.’’ यात वावगे काही नाही. माझ्या पिढीतले आम्ही बरेच जण असेच वळसा घेऊन या विषयाकडे आलो. मात्र ज्या अभ्यासक्रमात साडेचार वर्षे शिकून वर एक वर्ष अंतर्वासिता (इंटर्नशिप) करायची आहे, तो नेमका कशाचा आहे हे त्या मुलाने अर्ज भरेपर्यंत एकदाही पाहिलेले नसते, याचे मला नवल वाटते आणि काळजीही वाटते.

गेल्या वर्षी आलेली एक मुलगी दोन वर्षे लातूरला राहून नीटची शिकवणी करत होती. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय लातूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, तेथे जाणारी एसटी दिवसभर मिळते. तरीही ते तिने पाहिलेले नव्हते. घरी दोन म्हशी होत्या, पण ‘तू गोठ्यात येऊ नकोस, अभ्यास कर’ असा वडिलांचा दंडक होता. आमच्या समोरच्या दावणीला बांधलेली गाय कोणत्या जातीची, हे तिला सांगता आले नाही. ती देवणी होती, ज्या जातीला या जिल्ह्यातल्याच गावाचे नाव आहे आणि जिच्यातले वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार येथील म्हातारे शेतकरी लांबूनच ओळखतात. मुलगी मात्र हुशार होती आणि संकोच न करता विचारणारी होती.

दोष तिचा म्हणता येणार नाही. नीटच्या 720 गुणांच्या परीक्षेत 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे असतात. त्यासाठी मुले बेडूक आणि झुरळ पाठ करतात, मानवी शरीर तर इत्थंभूत पाठ करतात, पण गाईच्या चार कप्प्यांच्या पोटाशी त्यांचा संबंध जेमतेम येतो. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात अन्नोत्पादनवाढीवर एक प्रकरण होते व त्यात पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कृत्रिम रेतन यांची तोंडओळख होत असे. अभ्यासक्रमाचे ओझे कमी करताना 2022 मध्ये ते प्रकरणच वगळले गेले. ज्या राज्यात 2019 च्या पशुगणनेप्रमाणे सुमारे 3 कोटी 30 लाख पशुधन आहे, तेथे पशुवैद्य होऊ पाहणाऱ्या मुलाची निवड अशा परीक्षेवर होते. निवडीसाठी गुणांची चाळणी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुद्दा एवढाच की परीक्षा जे शिकवत नाही, ते अर्ज करण्यापूर्वी दुसरीकडून मिळण्याची सोय हवी.

त्या मुलीला मी एका परिचित पशुवैद्यकाबरोबर वाडीवर नेले. म्हैस विताना अडली होती. तपासल्यावर गर्भाशयाला पीळ पडल्याचे कळले, जे म्हशींत पुष्कळदा होते. अशा वेळी म्हैस आडवी पाडून, पोटावर लाकडी फळी ठेवून, फळीवर एका माणसाचा भार देत, ज्या बाजूला पीळ असेल त्याच बाजूला तिला लोळवावे लागते. दावे ओढायला चार माणसे लागतात आणि प्रत्येकाचे ओढणे एका वेळी व्हावे लागते. दुसऱ्या खेपेला पीळ सुटला, खांद्यापर्यंत हात घालून पारडू बाहेर काढले आणि ते जिवंत निघाले. मुलीने सगळा वेळ कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरला होता. परत येताना तिने एकच विचारले, ‘‘पीळ उजवीकडं आहे की डावीकडं, हे नुसत्या हातानं कसं कळतं?’’ ज्याला हा प्रश्न पडतो, त्याने या अभ्यासक्रमाला जावे, असे मला वाटते. त्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलाने व्यायलेल्या गाईची पोटात अडकलेली वार (जार) काढताना पाहिले आणि दारातूनच माघारी फिरला. त्याचेही काही चुकले नाही. आधी कळले, हे त्याच्या दृष्टीने बरेच झाले. नाही तर पहिल्या वर्षाच्या वर्गात बसून पुन्हा नीटचीच तयारी करणारी आणि मध्येच जागा सोडून जाणारी मुले मी पाहिली आहेत.

तयारीचा दुसरा भाग कागदोपत्री आहे आणि तेथेही मुले फसतात. एमबीबीएस, बीडीएस यांचे राज्यातील प्रवेश सीईटी कक्षाकडून होतात. पशुवैद्यकीय पदवीसाठी मात्र नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि अखिल भारतीय कोट्यातील 15 टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या समुपदेशनात वेगळी नोंदणी करावी लागते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने एकच अर्ज सगळीकडे चालतो, असे शिकवणीतून ऐकले, त्यावर विसंबला आणि गुण असूनही त्याचे ते वर्ष गेले. पात्रतेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राबरोबर इंग्रजीचाही विचार होतो, हेही अनेकांना उशिरा कळते. पदविका करून पशुधन पर्यवेक्षक होणे आणि पदवी घेऊन, 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी करून पशुवैद्यक होणे, यांतील फरक तर कित्येक शिक्षकांनाही माहीत नसतो.

अमेरिकेत पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्जात उमेदवाराने जनावरांबरोबर व पशुवैद्यकांबरोबर किती तास काम केले, हे लिहावे लागते. आपल्याकडे तशी अट घालावी असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण वर्षभरात तासांची प्रमाणपत्रे विकणारी दुकाने निघतील. पण अट नसली तरी दार उघडे ठेवता येते. पशुसंवर्धन विभागाने पदवीधर पशुवैद्यक असलेल्या श्रेणी-1 च्या दवाखान्यांत दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत अकरावी-बारावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस केवळ निरीक्षणासाठी बसू द्यावे. आठवडी बाजाराचा दिवस निवडला, तर एका सकाळीच कासदाहापासून पोटफुगीपर्यंत सगळे पाहायला मिळते. पालकांची लेखी संमती घ्यावी, मुलाने रेबीजची प्रतिबंधक लस आधी घेतलेली असावी आणि गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) जनावराजवळ त्याला जाऊ देऊ नये. या तीन गोष्टी पाळल्या, तर फारसा धोका उरत नाही. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालयांनीही वर्षातून एकदा शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी आपली रुग्णालये व गोठे खुले करावेत आणि त्याच दिवशी प्रवेश अर्जाची माहिती मराठीत छापून हाती द्यावी.

ती मुलगी आता पहिल्या वर्षात शिकत आहे. सुटीत घरी आली, तेव्हा वडिलांनी तिच्या हाती म्हशीचे दावे दिले, असे तिने फोनवर सांगितले.

– एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, अहमदपूर (जि. लातूर)