नोकरी सुटली, मेडिक्लेमचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटी कंपन्यांतील नोकरकपातीच्या बातम्या आपल्या अंकात सतत वाचायला मिळतात. नोटीस पीरियड, हातात पडणारी रक्कम, डोक्यावरचे गृहकर्ज यांवर बरेच लिहून येते. कंपनीच्या मेडिक्लेमचे काय होते, यावर मात्र चार ओळीही सापडत नाहीत.

माझा मेहुणा पन्नाशीला टेकलेला, जुना मधुमेही. एक नोकरी सोडली होती, दुसरी महिनाभराने सुरू व्हायची होती. नेमके त्याच महिन्यात त्याच्या पत्नीचे पित्ताशयाचे ऑपरेशन करावे लागले. रुग्णालयाच्या कॅशलेस काउंटरवर त्याने कार्ड पुढे केले. त्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असे ठळक छापलेले. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, ‘‘काका, पॉलिसी चालू आहे, पण त्यात तुमचं नाव नाही.’’ सगळे बिल खिशातून गेले.

यात नियमबाह्य काही घडले नाही, हेच खरे दुखणे. ग्रुप पॉलिसी कंपनीच्या नावावर असते. माणूस गेला की कंपनी विमा कंपनीला नाव कमी करायला कळवते आणि साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशीच संरक्षण संपते. कार्ड मात्र पाकिटात तसेच राहते, वर्षअखेरची तारीख मिरवत. मेहुण्याचा ‘नो ड्यूज’ फॉर्म मी पाहिला आहे. लॅपटॉप, ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली, पार्किंगचे स्टिकर, कँटीनची बाकी, सगळ्यांना रकाना आणि समोर सही. मेडिक्लेमला रकाना नाही.

खरे तर कायद्याने इथे एक दार उघडे ठेवले आहे. विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या नियमांनुसार ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीची वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसी घेण्याचा पर्याय मिळायला हवा. याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. हप्ता अर्थातच आपण भरायचा, तोही वयानुसार, आणि विमा कंपनी तब्येतीची चौकशी करू शकते. पण ग्रुपमध्ये काढलेली वर्षे वाया जात नाहीत. जुन्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत ३६ महिन्यांपर्यंत वेटिंग पीरियड, म्हणजे त्या आजारांचा खर्च न मिळण्याचा काळ, असू शकतो, त्यातून ही वर्षे वजा होतात (जेवढ्या रकमेचा जुना विमा होता तेवढ्यापुरतीच). मधुमेह, रक्तदाब असणाऱ्याला यापेक्षा मोलाची गोष्ट नाही. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. अट एकच, अर्ज वेळेत, म्हणजे शक्यतो कंपनीत असतानाच व्हायला हवा. आणि नेमके हेच सोडून जाणाऱ्याला कुणी सांगत नाही.

नवी नोकरी लागली की नवा विमा मिळतोच, असे कुणी म्हणेल. पंचविशीतल्यांचे ठीक आहे. पन्नाशीत नोकरी गेलेला, स्वतःचा धंदा टाकणारा, गावी परतणारा आणि साठीला निवृत्त होणारा, यांना कुठली आली नवी ग्रुप पॉलिसी?

आईवडिलांच्या विम्याचे प्रकरण तर आणखी चीड आणणारे आहे. अनेक कंपन्यांत त्यांचा हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जातो, बहुतेकदा वर्षाच्या सुरुवातीलाच. जूनमध्ये नोकरी सुटली की आईवडिलांचेही नाव जाते. उरलेल्या महिन्यांचा हप्ता विमा कंपनीकडून परत आला, तर तो कंपनीच्या खात्यात. तो फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, दाखवला आहे का, हे प्रत्येकाने एचआरला लेखी विचारावे.

गंमत पाहा, ‘ईएसआय’ या सरकारी कामगार विमा योजनेत असलेला, म्हणजे २१ हजारांपर्यंत पगाराचा कामगार किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून नवराबायकोचे उपचार पुढे चालू ठेवू शकतो. ईएसआय दवाखान्यांच्या अवस्थेवर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल, पण निदान हक्क तरी आहे. तिकडे अमेरिकेत १९८६ च्या ‘कोब्रा’ कायद्यानुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून नोकरी गेलेल्याला साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो. पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो, त्यामुळे तो भलता महाग पडतो, हे तिथे राहणाऱ्या नातेवाइकांकडून आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. या हक्काची लेखी सूचना द्यावीच लागते आणि निर्णयाला किमान ६० दिवस मिळतात.

आपल्याकडेही एवढेच करावे. विमा कधी संपतो, मायग्रेशनचा अर्ज कुठे आणि कधीपर्यंत करायचा, आईवडिलांच्या हप्त्यातले किती परत मिळणार, या तीन ओळी रिलीव्हिंग लेटरमध्ये सक्तीच्या कराव्यात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. त्याच कागदांना हा एक कागद जोडायला कंपनीला दमडीचा खर्च नाही. आणि नियामकाने नाव कमी झाल्यापासून निदान ३० दिवस जुने संरक्षण चालू ठेवायला विमा कंपन्यांना भाग पाडावे. दोन नोकऱ्यांमधला खड्डा अनेकांचा तेवढाच असतो.

तोवर, ज्यांनी राजीनामा टाकला आहे त्यांनी मायग्रेशनचा अर्ज विमा कंपनीला थेट ईमेलने पाठवावा, एचआरच्या भरवशावर राहू नये. दाद लागली नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करता येते, त्यापुढे विमा लोकपाल आहेत. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत.

आपला,
एक वाचक, चिंचवड