बोअरवाल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

सा. न. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल.

मार्चमध्ये सेमिनारचा कागद घेऊन तुमच्या रानात आले होते. विषय पर्माफ्रॉस्टचा, म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्याखाली गोठून राहिलेल्या जमिनीचा. ती किती खचते हे जीपीएसनं मोजतात, इथवर कळलं होतं. पण अलास्कातल्या उत्कियाग्विकला अँटेनाचा खांब खाली त्या गोठलेल्या थरातच रोवलेला आहे. खांब हलत नाही, मग खचणं दिसतं कसं? दोन आठवडे मी इथंच अडकले होते.

“ते बर्फाचं मला ठाऊक नाही, पोरी,” म्हणालात आणि बोअरपाशी नेलंत. काळी माती भेगाळलेली, कोपरापर्यंत हात जाईल अशी. केसिंगवर, म्हणजे बोअरच्या पाइपवर, तुम्ही पावसाळ्यात मातीलगत मारलेली पांढरी रेघ मातीच्या दोन बोटं वर आली होती. “केसिंग खाली मुरमात बसलीय, ती वर आली नाही. माती आकसून खाली गेली. खांब कशात उभाय ते आधी बघ, मग टेप लाव.”

काका, तिथंच गाठ सुटली. उपग्रहाची लहर अँटेनावर थेट येते आणि जमिनीवर आपटूनही येते. ही आपटून आलेली लहर सर्व्हेवाले एरवी टाळतात, कारण तिनं मोजणी चुकते. उत्कियाग्विकला मात्र तीच टेप! उपग्रह चढतो-उतरतो तसा दोन्ही लहरींच्या मिसळण्यानं सिग्नल कमी-जास्त होतो, आणि त्यावरून अँटेना जमिनीपासून किती उंच ते काढतात. उन्हाळ्यात वरच्या थरातला बर्फ वितळतो, जमीन बसते, अंतर वाढतं. हिवाळ्यात पाणी गोठून फुगतं, अंतर घटतं. लिन लिऊ आणि क्रिस्टीन लार्सन या संशोधकांनी तिथल्या 2004 ते 2015 च्या नोंदी अशाच वाचल्या.

आपली माती पाऊस पडला की परत फुगते. तिथं खालचा जुना बर्फ वितळून पाणी वाहून गेलं, तर बसलेली जमीन पुन्हा वर येत नाही. त्यावर घरं आहेत, रस्ते आहेत. हे सेमिनारमध्ये सांगताना माझा आवाज भरून आला.

तुम्ही त्या दिवशी ज्वारी पसरायचं काम टाकून माझ्यासोबत दुपारभर उन्हात उभे राहिलात. काकूंनी वर धपाटं-दही वाढलं. तुमचे दोघांचे आभार कसे मानू?

मृग बरसला की टेप घेऊन येते. ती पांढरी रेघ पुसू देऊ नका.

तुमची,
सर्व्हेवाली पोरगी