घणसोलीच्या बाकावरच्या ताईंना

परवा ठाण्याहून वाशी लोकल पकडली. घणसोलीत एका घरी प्रार्थनेला साक्ष द्यायची होती, म्हणजे प्रभू येशूबद्दलचा माझा अनुभव सांगायचा होता. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं. मुलगा नको म्हणत होता, पण मी कुठली ऐकतेय! ऐरोली सुटलं आणि डोळ्यांपुढे अंधार.

एका ताईंनी मला आडवं केलं, पाय स्वतःच्या मांडीवर घेतले. कुणी डावा हात चोळू लागलं, तर ओरडल्या, "तो सोडा, फिस्टुलाचा हात आहे!" डायलिसिसच्या सुया त्याच हाताच्या शिरेत घालतात. पाणीसुद्धा बाटलीच्या झाकणाने, दोनच घोट; आम्हाला पाणी मोजूनच प्यावं लागतं. त्यांच्या घरात कुणी डायलिसिसवर असावं.

कोपरखैरणेचं तिकीट असून घणसोलीला माझ्याबरोबर उतरल्या. बाकावर म्हणाल्या, "तिथे सांगणार होतात ते मला सांगा." प्रभू येशूबद्दल मोडकंतोडकं सांगितलं. त्यांच्या पिशवीत देवाची फुलं होती, तरी मुलगा येईपर्यंत ऐकत बसल्या.

नाव विचारायचं राहिलं. ताई, मनापासून आभार.